देवाने चिन्ह दिलं नाही म्हणजे विश्वास कमी, हे कुणी ठरवलं?

सलाम. तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याला नोकरी मिळतेय, आई सोलापुरात एकटी राहील, म्हणून जावं की नाही याचं चिन्ह तुम्ही देवाकडे मागताय. उपास झाले, प्रार्थना झाल्या, काही दिसलं नाही. आणि आता मंडळीतली माणसं म्हणतात की तुमचा विश्वासच कमी पडतोय. नोकरीचं शेवटी बोलते. आधी ते विश्वास कमी असल्याचं बोलणं घेते, कारण तेच वाक्य आमच्या घरात माझ्या वडिलांच्या मातीच्या दिवशी बोललं गेलं आणि मला ते अजून पचलेलं नाही.

वडील सोलापुरातल्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, होते. ज्यांच्या घरात गिरणी कामगार होते त्यांना ते खातं कसं असतं हे सांगायला नको. पाळी संपवून घरी यायचे तेव्हा भुवया आणि कानावरचे केस पांढरे झालेले असायचे. पुढे छाती धरली. पण ते दुखणं विचित्र होतं. रविवारी माणूस ठणठणीत, उपासनेत खड्या आवाजात गाणार, आणि सोमवारी संध्याकाळी छाती अशी आवळून यायची की जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. मंगळवार-बुधवारपर्यंत जरा सैल पडायचं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

माझा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणते, त्या काळात चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभांना जाऊ लागला होता. माणूस वाईट नाही, वडिलांवर त्याचा जीव होता, हे आधीच सांगते. तर त्याने या सोमवार-रविवारचा अर्थ लावला. म्हणाला, "मामा, रविवारी प्रभू तुम्हाला स्पर्श करतोय. सोमवारी तुमच्या मनात शंका येते आणि दुखणं परत येतं. चिन्ह तर तुम्हाला दर आठवड्याला मिळायलंय, तुम्हीच ते धरून ठेवत नाही." आईचे डोळे भरून आले. तिला ते पटलंच. वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "रविवारी गिरणी बंद असतीय की रे."

हे त्यांनी कुठल्या डॉक्टरने सांगितलं म्हणून म्हटलेलं नव्हतं. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या फुप्फुसाच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची ओळखीची खूण आहे. सुरुवातीला आठवडा सरेल तसा त्रास कमी होतो. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली की मग सगळे वार सारखेच होतात आणि फुप्फुस पूर्ववत होत नाही. म्हणजे दादा ज्याला देवाचा स्पर्श म्हणत होता ती साप्ताहिक सुट्टी होती, आणि ज्याला मामांची शंका म्हणत होता तो कापूस होता.

तरी आईच्या शब्दाखातर वडील एकदा सभेला गेले. मैदानात मांडव, ट्यूबलाइटच्या माळा, व्यासपीठावरून तेलुगूत एक वाक्य आणि मागोमाग मराठीत तेच. मी आईचा हात धरून पुढच्या सतरंजीवर होते. वक्त्याने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मग माइक वडिलांच्या तोंडापुढे धरला. "खोल श्वास घ्या. मोकळं वाटतंय ना?" वडिलांनी खरंच खोल श्वास घ्यायचा प्रयत्न केला, खोकले, आणि माइकमध्ये म्हणाले, "नाही साहेब. अजून तसंच आहे." एका स्वयंसेवकाने लगेच माइक काढून घेतला आणि गाणं सुरू झालं. दादा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर वडिलांनी बायबल काढलं. त्यांची वाचायची पद्धत होती, ओळीवर बोट ठेवून. खोकल्याची उबळ आली तर बोट तसंच त्या शब्दावर ठेवायचे, उबळ गेली की तिथूनच पुढे. त्यांनी 2 तीमथ्य 4:20 वाचलं. प्रेषित पौल लिहितो की माझा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेत गावात ठेवून आलो. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले तर माणसं बरी होत होती असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, तोच पौल आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढे जातो. आणि त्रफिमाचा विश्वास कमी होता असं एका अक्षराने म्हणत नाही. आपला तरुण सहकारी तीमथ्य, त्याला तर पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न सुटणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती करून त्याला उत्तर मिळतं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा निघत नाही.

वडील गेले तेव्हा माती देऊन आल्यावर घरात नातेवाईक चहा घेत बसले होते. तिथे दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "मामांनी त्या रात्री हो म्हटलं असतं तर आज बसलेले दिसले असते. विश्वास कमी पडला." आई समोर होती. मी त्याला उठून जायला सांगितलं. त्यावरून आमच्यात बरीच वर्षं बोलणं बंद होतं. आता लग्नकार्यात बोलतो. पण वाद मिटलेला नाही. म्हणून आज तुम्हाला उत्तर देताना मी त्यालाही देतेय.

दादाचं पहिलं शस्त्र गिदोन. इस्राएलाला शत्रूपासून सोडवायला देवाने निवडलेला हा माणूस. गिदोनाने रात्री लोकर जमिनीवर टाकून दवाची खूण मागितली, देवाने दोनदा खूण दिली, मग आपण का मागू नये? बायबलातल्या शास्ते पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाचा. गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच स्पष्ट सांगितलं होतं. तो स्वतःच म्हणतो की तू सांगितल्याप्रमाणे माझ्या हातून इस्राएलाला सोडवणार असशील तर. दुसऱ्यांदा मागताना तर माझ्यावर रागावू नकोस म्हणून गयावया करतो. देवाने दिली, कारण देव दयाळू आहे. पण लोकर ही गिदोनाच्या विश्वासाची शिडी नव्हती, त्याच्या भीतीची कुबडी होती. जो चिन्ह मागतो त्याचा विश्वास मोठा आणि जो न मागता वचनाप्रमाणे चालतो त्याचा कमी, हा हिशोब कुठून काढला?

दुसरं शस्त्र केडगाव. पुण्याच्या गाडीत बसलात की दौंड गेल्यावर लागतं ते. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची जागृती, आलं, मुली रडून रडून प्रार्थना करत, अन्य भाषांत बोलत. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण दादा पुढचं सांगत नाही. हे सगळं स्वतःच्या अंगणात पाहिलेल्या रमाबाईंनी आयुष्याची उरलेली वर्षं कशात घातली? इब्री आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणण्यात, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, तोवर हेच काम चालू होतं. छापखान्यातले अक्षरांचे खिळे मुक्तीतल्याच बायकांनी जुळवले आणि 1924 मध्ये ते पूर्ण बायबल बाहेर आलं. ज्या बाईला चिन्हं हवी तेवढी मिळाली होती, तिने लोकांच्या हाती पुस्तक दिलं.

चिन्हाने माणूस विश्वासात टिकतो हे तर शुभवर्तमानच खोटं ठरवतं. योहानाचा सहावा अध्याय. पाच हजार जेवले, टोपल्या भरून उरलं, आणि तीच माणसं येशूला शोधत येऊन विचारतात, आम्ही विश्वास ठेवावा म्हणून आपण कोणतं चिन्ह दाखवता? वडील हा भाग वाचताना दर वेळी थांबायचे. म्हणायचे, "कालचीच भाकर खाल्लेली माणसं ही." अध्याय संपेपर्यंत त्यातले पुष्कळजण निघून जातात. लूक 16 मधला श्रीमंत माणूस अधोलोकातून विनवतो की मेलेला भिकारी लाजर माझ्या भावांकडे पाठव, म्हणजे ते ऐकतील. अब्राहाम म्हणतो, त्यांच्याजवळ मोशे आणि संदेष्टे आहेत, त्यांचं ऐकत नाहीत तर मेलेल्यातून कुणी उठला तरी त्यांची खातरी होणार नाही. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 13वा अध्याय तर याहून कडक आहे. एखाद्याने सांगितलेलं चिन्ह घडून आलं, तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचं ऐकू नका. घडलेलं चिन्हसुद्धा वचनावर घासून पाहायचं, असा हुकूम आहे.

आणि एक ओळ जी मी कुठल्याही संदेशात फारशी ऐकलेली नाही, योहान 10:41. लोक म्हणतात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने काही चिन्ह केलं नाही हे खरं, तरी त्याने येशूविषयी जे जे सांगितलं ते सर्व खरं होतं. पुढची ओळ सांगते की तिथे पुष्कळांनी विश्वास ठेवला. एकही चमत्कार न करता गेलेला माणूस, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत ज्याच्याहून मोठा कोणी नाही असं प्रभू म्हणतो तो. माझ्या वडिलांनीही चिन्ह पाहिलं नाही. मरेपर्यंत बोट ओळीवर ठेवून वाचत राहिले आणि माइकपुढे खोटं बोलले नाहीत. दादा, तुला विचारते, यात कमी काय पडलं?

आता वचनाबद्दल एक, कारण वचनावर विसंबा म्हटलं की लोक भलतंच करतात. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि आलेली ओळ हा देवाचा निरोप धरायचा. किंवा 31 डिसेंबरच्या रात्री वचनाची चिठ्ठी काढायची आणि वर्षभर तिच्यावर निर्णय घ्यायचे. चिठ्ठी काढायला माझी हरकत नाही, आमच्याकडेही काढतात, फ्रिजवर लावतात. पण तिच्यावरून नोकरी ठरवणं म्हणजे कौल लावणंच झालं. देवळातला सोडला आणि पुस्तकाला लावला, एवढाच फरक. सैतानानेही मंदिराच्या शिरोभागावर स्तोत्र 91 मधलं सुटं वचनच काढून दाखवलं होतं. येशूने उत्तर दिलं तेही वचनानेच, परमेश्वराची परीक्षा पाहू नको म्हणून. बिरुया गावचे लोक प्रत्यक्ष पौलाचं बोलणंही दररोज शास्त्रात पडताळून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुती केलेली आहे. असं वाचा.

देव आज काही करत नाही असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. शंका घेणाऱ्या थोमा शिष्याला येशूने जखमा दाखवल्या. प्रार्थनेने बरी झालेली माणसं आमच्या मंडळीत आहेत आणि त्यांची साक्ष मी मान खाली घालून ऐकते. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करावी हे याकोबाच्या पत्रातच आहे, ते जरूर करा. तेलासोबत औषध चालू ठेवा. भांडण आहे ते चंगाई मिळाली नाही की आजाऱ्यालाच आरोपी करणाऱ्यांशी.

नोकरी. पुण्याला जा किंवा जाऊ नका असं कुठल्या वचनात लिहिलेलं नाही, आणि त्यासाठी आकाशातून काही येईल याची वाट पाहू नका. लिहिलंय ते एवढं की आईबापाचा मान राख, आणि जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, 1 तीमथ्य 5:8. म्हणजे बघायचं ते हे: पगारातून पुण्यातल्या खोलीचं भाडं जाऊन आईसाठी किती उरतं, ती सोबत यायला तयार आहे का, नसेल तर रात्री-बेरात्री तिच्या दाराशी कोण येईल, हुतात्मा एक्सप्रेसने शनिवार-रविवारी येणं जमेल का. तुमच्या लांबलचक प्रश्नात उपास आहेत, स्वप्नं आहेत, पाळकसाहेबांचा सल्ला आहे, पण आई काय म्हणाली ते कुठेच नाही. तिला विचारलंत का? नसेल तर आज विचारा. दोन्ही वाटांत पाप नसेल तर जी झेपते ती घ्या आणि प्रार्थना करून निघा.

वाचायला योहानापासून सुरू करा, पहिल्या अध्यायापासून, मधलं न गाळता. आई ऐकणार असेल तर मोठ्याने वाचा. कंपनीला होकार कधीपर्यंत कळवायचाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुदत जवळ आली असेल तर आईशी बोलणं त्याआधी उरका.