डायव्हर्जिंग डायमंड सुचवण्याआधी

डायव्हर्जिंग डायमंड, म्हणजे महामार्ग आणि त्याला ओलांडणारा रस्ता जोडणाऱ्या इंटरचेंजचा एक प्रकार, ड्रॉइंगवर देखणा दिसतो, पण तेवढ्यावर भाळू नकोस. अमेरिकेतला पहिला २००९ मध्ये मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला आय-४४ महामार्गावर झाला. तिथे जुनाच पूल वापरता आला, खरी बचत तीच. ओलांडणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्या पुलापुरत्या बाजू बदलतात, त्यामुळे (अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूने चालतात म्हणून) डावीकडे वळणाऱ्याला समोरची वाहतूक आडवी येत नाही आणि सिग्नलचे फेज (आळीपाळीने हिरवा दिवा मिळण्याचे टप्पे) दोनवर येतात.

काही किंमत मात्र अंदाजपत्रकात दिसतच नाही. महामार्गावरून उतरत्या रॅम्पवरून (जोडरस्त्यावरून) सरळ समोरच्या, महामार्गावर परत नेणाऱ्या चढत्या रॅम्पवर जाता येत नाही. म्हणजे पुलाखाली न मावणारा उंच ट्रक किंवा अपघातानंतर वळवलेली वाहतूक, दोन्ही अडकतात! वळणारे कमी आणि सरळ जाणारेच जास्त असतील तर बाजू न बदलणारा साधा डायमंडच बरा. आधी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत डावी वळणं मोजून घे, मग साहेबांकडे जा.