पोरगं मोबाइलवर माणसं मारतंय, काय करू?

पत्र: ताई, आमचं पोरगं नववीत आहे. शाळा सुटली की बीजीएमआय, तो मोबाइलवरचा बंदुकांचा ऑनलाइन गेम. सुट्टीला मामाकडं गेलं की तिथल्या कॉम्प्युटरवर जीटीए, म्हणजे गुंडगिरीचा गेम. रस्त्यानं चाललेल्या बाईला मारून तिचे पैसे उचलताना मी स्वतः बघितलंय. सासरे म्हणतात, मोबाइल फोडा आणि याला तालमीत घाला. मालक म्हणतात, आम्ही पण खेळलोय, आम्ही काय गुंड झालो का? गेल्या महिन्यात माझ्या खात्यातनं २,३४० रुपये या गेमपायी गेले. वाय-फाय बंद केलं की पोरगं अंगावर येतंय. आमचे संस्कार कमी पडले का? गेम कायमचा बंद करू का? — एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, संस्कारांचं नंतर बोलू. आधी पैशाचं बघा, कारण ती गळती अजून चालू असेल.

प्ले स्टोअर उघडा, कोपऱ्यातल्या फोटोवर दाबा, सेटिंग्जमध्ये जा आणि खरेदीच्या वेळी ओळख पटवायचा पर्याय शोधा. व्हर्जनप्रमाणे त्याचं नाव थोडं बदलतं. तिथं ‘प्रत्येक खरेदीला’ हेच निवडा. ‘दर तीस मिनिटांनी’ असं ठेवलं असेल, तर तुम्ही काही घेतल्यावर पुढचा अर्धा तास दुकान उघडंच राहतं, आणि पोरांना हे बरोबर ठाऊक असतं. तेवढंच करून भागत नाही. तुमच्या फोनच्या लॉकमध्ये त्याच्याही बोटाचा ठसा घातलाय का? बहुतेक घरांत असतोच, कारण पोरानंच फोन सेट करून दिलेला असतो. तो ठसा काढून टाका, नाहीतर सगळं कुलूप फुकट. मग यूपीआयचा पिन बदला. किराणा दुकानात तुमच्या शेजारी उभं राहून त्यानं तो कधीच पाठ केलाय. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा, म्हणजे आपोआप पैसे कापले जाण्याचा, एक भाग असतो, तिथं ओळखीचं नसलेलं काही चालू दिसलं तर तिथूनच बंद करा. प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट घालता येतं, पण ते फक्त सूचना देतं, पैसे अडवत नाही. त्याच्या भरवशावर बसू नका.

गेलेले पैसे? खरेदीनंतर ४८ तासांच्या आत गूगलकडं रिफंड मागितला असता तर बरीच आशा होती. आता गेम कंपनीला पावतीसह लिहा, पण ते पैसे हिशेबात धरू नका.

बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालच्यांसाठी नियम आहेत: पालकांचा मोबाइल नंबर लागतो, दिवसाला तीन तासांची मर्यादा असते, आणि खर्चाला दिवसाला ७,००० रुपयांची. सात हजार, तेही दिवसाला! पेठेतल्या कुठल्या घराला या मर्यादेचा उपयोग होणार आहे? शिवाय पोरं वय १८ च्या वर टाकून मोकळी होतात. खात्यात वय काय घातलंय ते एकदा विचाराच.

आता २,३४० रुपयांचं काय घेतलं ते बघू. बंदूक जास्त जोरात चालावी म्हणून पैसे गेले असतील असं तुम्हाला वाटत असेल, पण बहुतेकदा ते कपडे आणि बंदुकीचे रंग असतात आणि ते क्रेट उघडून मिळतात. क्रेट म्हणजे बंद पेटी, आत काय निघेल ते नशिबावर. अशी पेटी विकणाऱ्या गेमनं प्रत्येक वस्तू निघण्याची शक्यता आधी दाखवली पाहिजे, हा प्ले स्टोअरचाच नियम आहे. पोराला ते पान उघडून दाखवायला सांगा आणि शेजारी वही घेऊन बसा. एखादी वस्तू निघायची शक्यता १ टक्का असेल, तर शंभर पेट्या उघडूनही ती न मिळण्याची शक्यता साधारण ३७ टक्के उरते. ०.९९ चा शंभरावा घात, कॅल्क्युलेटरवर निघतो. हे गणित त्यानं स्वतः केलं तर तुमच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त लागू पडेल. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगारच ठरवलं. आपल्याकडं २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पेटीतनं रोकड निघत नाही, कपडे निघतात. पण पेटी उघडताना छातीत जी धडधड होते ती जुगाराचीच.

आणि इन्स्टाग्रामवर, टेलिग्रामवर ‘अर्ध्या किमतीत यूसी’ देणारे असतात. यूसी म्हणजे गेममधलं चलन. ते खात्याचा पासवर्ड मागतात, मग खातंही जातं आणि पैसेही. तसं झालं तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला, फोन.

आता मालकांच्या मुद्द्याकडं येऊ. तो निम्मा बरोबर आहे. त्यांच्या पिढीनं नेट कॅफेत जीटीएचाच जुना भाग, व्हाइस सिटी, खेळली, तीही बहुतेकांनी पायरेटेड सीडीवर. त्या चोरीपायी संस्कार बुडाल्याचं पत्र तेव्हा कुणी लिहिलं नाही! रक्त तेव्हाही होतं. पण तो गेम एकट्यानं खेळायचा होता. त्यात अनोळखी माणसं नव्हती, दुकान नव्हतं आणि तास संपला की कॅफेवाला उठवायचा. आजच्या गेममधून ही तिन्ही कुंपणं गेली. मालकांचं काही बिघडलं नाही ते या कुंपणांमुळं.

आणि रक्ताचं म्हणाल, तर काय पाहवतं आणि काय नाही हे बदलत आलंय. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ काढला. १९२० साली तो पडद्यावर आला तेव्हा कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की ओरड झाली आणि ते कापावं लागलं. सिनेमात बाईनं काम करणं ही त्या काळी अब्रू जाण्याची गोष्ट होती. आज आपण तोच कीचकवध नातवंडांना मांडीवर घेऊन टीव्हीवर बघतो. हिंसक गेमवर झालेल्या संशोधनाचा आढावा घेऊन अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये म्हटलं, की ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी या गेमचा छोटासा संबंध दिसतो, पण खरोखरच्या हिंसाचाराचं खापर त्यांच्यावर फोडायला पुरेसा पुरावा नाही. म्हणजे अंगावर ओरडण्याची तुमची तक्रार खरी आहे. गुंड होण्याची भीती मात्र सोडा.

तरीही जीटीए बंद. युरोपात तो १८ वर्षांपुढचा आहे, आणि ते रक्तापुरतं नाही. त्याच्या पाचव्या भागात माणसाचा छळ खेळणाऱ्याच्या हातून करवून घेणारा एक प्रसंग आहे, स्ट्रिप क्लब आहे, आणि हे सगळं उपहासानं लिहिलंय. चौदा वर्षांच्या मुलाला उपहास कळत नाही, छळ तेवढा दिसतो. त्याला एवढंच सांगा, ‘चार वर्षांनी खेळ.’ मामींना फोन करून कॉम्प्युटरवर काय चालतंय ते विचारा, नाहीतर घरचा नियम मामाच्या उंबऱ्यावर संपतो. त्याऐवजी फुटबॉलचा गेम द्यावा म्हणाल, तर पेठेतल्या पोराला तो आवडेलच. पण तिथंही डोळे उघडे ठेवा. एफसी २४ ला युरोपात ३ वर्षांपुढचं रेटिंग होतं आणि त्यातही खेळाडूंची बंद पाकिटं पैसे घेऊन विकली जायची. हे शिक्के रक्त बारकाईनं मोजायचे, गल्ला मोजताना ढिले पडायचे. आपलंही तसंच होतं.

वाय-फायचं भांडण मात्र तुमच्या बाजूनं सुटू शकतं. बीजीएमआयची मोठ्या मॅपवरची मॅच साधारण पंचवीस-तीस मिनिटं चालते. शंभर जण उतरतात आणि मध्ये थांबवायची सोयच नसते. तुम्ही बाराव्या मिनिटाला वाय-फाय काढलं की चौघांच्या टीममधला एक जातो, उरलेले तिघं हरतात, याची रँक पडते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत शिव्या बसतात. त्याचा आरडाओरडा तिथनं येतो. फोनमधला टायमरही असाच मध्येच गेम बंद करतो. म्हणून मिनिटं मोजू नका, मॅच मोजा: शाळेच्या दिवशी दोन मोठ्या, रात्री साडेआठनंतर नवीन मॅच सुरू करायची नाही. ‘शेवटची’ म्हणून तिसरी मागितली तर टीम डेथमॅच चालेल, ती दहा मिनिटांत संपते. सुरू झालेली मॅच तुम्ही तोडायची नाही आणि संपल्यावर त्यानं वाद घालायचा नाही. पहिला आठवडा तो नियम ताणून बघणारच. दुसऱ्या दिवशीची एक मॅच कापा, मोबाइल आपटू नका.

संस्कार बघायचे असतील तर ते माइकवर दिसतात. खेळताना त्याचा इअरफोन काढायला लावा आणि तीन-चार मॅच आवाज खोलीत ऐका. अनोळखी टीममध्ये मुलीचा आवाज आला की बाकीचे काय बोलतात आणि हा हसतो, गप्प बसतो की माइक बंद करतो? हॅक लावून जिंकणाऱ्या मित्राबद्दल त्याचं काय म्हणणं आहे? हे प्रश्न त्याला सरळ विचारा. स्क्रीनवरची बाई खोटी आहे, माइकवरची पोरगी खरी आहे, एवढा फरक त्याला कळत असेल तर तुमचं बरंच काम झालंय. शिव्या ऐकू आल्या तर छोट्या नकाशाजवळच्या स्पीकरच्या चिन्हातून आवाज बंद करता येतो आणि ओळखीच्या चौघांचीच टीम करता येते. माइकचा हा नियम मी वेळेच्या नियमापेक्षा वर ठेवीन.

सासऱ्यांना सांगा, तालीम चांगलीच, पण शिक्षा म्हणून नको. शिक्षेनं लाल मातीत उतरलेलं पोरगं पंधरा दिवसांत पळ काढतं. आधी त्यांनाच एक मॅच त्याच्याशेजारी बसून बघू द्या. कुठं दबा धरायचा, कधी अंगावर जायचं, यातले डावपेच त्यांना तुमच्या-माझ्याआधी कळतील, आणि नातवाशी बोलायला विषय मिळेल.

काळजी कधी करायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत गेमिंगचा आजार म्हणजे खेळण्यावर ताबा नसणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम वर जाणं, आणि नुकसान होतंय हे दिसूनही न थांबणं, तेही साधारण वर्षभर. झोप, जेवण, शाळा, मित्र यांतलं दोन-तीन सुटलंय असं दिसलं तर वर्षभर वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कायमचा बंद करायची गरज मला दिसत नाही. परीक्षेच्या दिवसांत मात्र ॲप काढून टाकायला सांगा. ‘सगळं जाईल’ म्हणून तो रडेल, पण खातं लॉगिनला जोडलेलं असतं. ॲप काढलं तरी लेव्हल आणि ते २,३४० रुपयांचे कपडे जागेवरच राहतात. लॉगिन कुठल्या ईमेलला जोडलंय तेवढं काढण्याआधी कागदावर लिहून ठेवा.