कर्नाळ्यात एकाच दिवशी किल्ला आणि पक्ष्यांचे फोटो, दोन्ही जमेल का?

प्रश्न: नवी मुंबईत राहतो. नुकताच कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स घेतली आहे. कर्नाळा पक्षी अभयारण्यात एका दिवसात किल्ला चढून पक्ष्यांचे फोटोही काढता येतील का? कोणत्या महिन्यात जावं? आणि तिबोटी खंड्या या छोट्या, रंगीत पक्ष्याचं घरटं नेमकं कुठे सापडतं?

उत्तर:

मी पनवेलचा. कर्नाळा माझ्यासाठी घराजवळचं रान आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

किल्ला आणि फोटो एकाच दिवशी नको. चढून होईल, उतरून होईल, पण फोटो म्हणावा असा एकही हाती लागणार नाही. पक्षी सगळ्यात जास्त हलतात-बोलतात ते सकाळच्या पहिल्या दोन-अडीच तासांत, आणि किल्ल्याची चढणसुद्धा ऊन तापायच्या आत, त्याच वेळेत उरकावी लागते. धापा टाकत, पाचोळा तुडवत, गप्पा मारत वर जाणाऱ्या घोळक्याच्या आधीच सगळं रान गप्प होतं. किल्ला वेगळ्या रविवारी करा. फोटोंसाठी मधल्या वारी जा. सुट्टीच्या दिवशी गेटपाशी सहलींची गर्दी असते.

आधी जागेचा अंदाज यावा म्हणून थोडं सांगतो. हे अभयारण्य १९६८ साली जाहीर झालं. तेव्हा ते साधारण साडेचार चौरस किलोमीटरचं होतं, २००३ मध्ये वाढवून १२.११ चौरस किलोमीटर केलं. म्हणजे मोठं नाहीच. त्यात मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या अंगावरूनच जातो. गेटच्या आसपास हॉर्नचा आवाज सतत कानावर येतो आणि नवखा माणूस तिथेच नाराज होतो. थोडं आत गेलात की झाडी दाट होते, गाड्यांचा आवाज मागे पडतो. आत हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा आहेत. पहिल्यांदा जाताय तर छोटी हरियाल वाट धरा. ती सावकाश चाला. सावकाश म्हणजे इतकं सावकाश, की बाकीचे लोक तुम्हाला ओलांडून पुढे जातील. जाऊ द्या. ते गेल्यावर दहा मिनिटांत पक्षी परत बोलायला लागतात.

बहुतेकांचं नेमकं इथेच चुकतं. ताडोब्यात जीप फिरते आणि जनावर शोधते, ती सवय लोक इथे घेऊन येतात: जितकं जास्त चालू तितकं जास्त दिसेल. कर्नाळ्याच्या दाट झाडीत उलटं आहे. दहा-पंधरा पावलांपलीकडे नजर पोचत नाही, त्यामुळे पक्षी डोळ्यांआधी कानांना सापडतो. एक जागा धरून बसलात तर रान तुमच्याकडे येतं. जागा कुठली धरायची, एवढंच कळायला हवं.

हिवाळ्यात ती जागा म्हणजे वाटेचं असं वळण, जिथे वरची झाडी थोडी उघडी आहे. थंडीच्या दिवसांत वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र थव्याने चरत फिरतात. आधी खालच्या झुडपांतून सातभाईंचा कलकलाट येतो, मग मधल्या फांद्यांवर नीलमणी आणि नाचण, खोडावर उलटी-सुलटी चालणारी शिलींध्री, शेंड्यावर निखार. आणि या सगळ्यांच्या थोडा मागे, एखाद्या आडव्या वेलीवर, भृंगराज. चकाकता काळा, कपाळावर कुरळा तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसांचे झुबके. उडाला की मागे दोन भुंगे लागल्यासारखं वाटतं. बाकीच्यांच्या हालचालीने पानांतून किडे उडाले की तो झेप घालून ते हवेतच टिपतो आणि पुष्कळदा परत त्याच वेलीवर येऊन बसतो. हे लक्षात ठेवा. पहिल्या झेपेला कॅमेरा उचलायची धांदल करू नका. वेलीवर फोकस लावून थांबा, तो परत येईल. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकलाही करतो. शिक्रा (लहान शिकारी पक्षी) ओरडतोय असं वाटून मान वर करावी, आणि समोर हा बसलेला असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जागा बदलते. काटेसावर, पांगारा, पळस फुलतात तेव्हा झाडावर पान नसतं, म्हणजे उजेडही मिळतो आणि मधे फांद्याही येत नाहीत. शिंजीर, कोतवाल, मैना, हळद्या, पोपट सगळे मधासाठी येतात; खारीसुद्धा फुलांत तोंड घालून बसतात. झाडाच्या बुंध्याशी उभं राहून वर कॅमेरा रोखू नका, फक्त पोटाचे फोटो मिळतील. डोंगरउताराच्या वरच्या अंगाला वाटेवर उभे राहा, म्हणजे शेंडा तुमच्या डोळ्यांच्या पातळीला येतो. फळलेला उंबर, वड किंवा पिंपळ दिसला तरीही हाच नियम. तांबट, कुटुर्गा, हरियाल, कोकीळ तिथे हमखास येतात. हरियाल आपला राज्यपक्षी, पण पानांच्या रंगात असा मिसळतो की झाड हललं तरच कळतं. खाली पडणाऱ्या फळांचा टपटप आवाज ऐका आणि मग वर बघा.

एप्रिल-मे मध्ये घामाने जीव जातो खरा, पण पाणवठ्याजवळ अंतर राखून बसलात तर एरवी फांद्यांत लपणारे पक्षीही उघड्यावर येतात. मेच्या अखेरीस पावसाआधी नवरंग हा पक्षी येतो. पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू येते. तो जमिनीवर पाचोळा उलटत उड्या मारत फिरतो, म्हणून त्याच्यासाठी खाली बसून, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवा.

मला विचाराल तर पहिली फेरी जानेवारी ते मार्च या काळात करा. थंडीत उत्तरेकडून आलेले माशीमार आणि वटवटेही तेव्हा असतात आणि वाट कोरडी असते. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर पक्ष्यांबरोबर कोळ्यांकडेही बघा. वाटेवर आडवी पसरलेली मोठमोठी जाळी असतात, उन्हात सोनेरी दिसतात. मधोमध तळहाताएवढी मादी आणि तिच्याजवळ जेमतेम नखाएवढा नर. तुमच्या ७०-३०० ने याचा फोटो उत्तम येतो.

लेन्सचं म्हणाल तर ७०-३०० पुरेशी आहे. अडचण उजेडाची येते. ३०० ला या लेन्सचं छिद्र फार उघडत नाही आणि कर्नाळ्याच्या सावलीत सकाळी आठलासुद्धा अंधारल्यासारखं असतं. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका. फोटोत थोडे दाणे आले तर चालतील, हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला निदान १/२५० सेकंद, हलणाऱ्याला १/५००, झेपेला १/१००० किंवा जास्त. फोकसचा एकच बिंदू ठेवा आणि तो डोळ्यावर धरा, नाहीतर कॅमेरा मधल्या पानावर जाऊन बसतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक ते दीड स्टॉप (कॅमेऱ्यातलं +१ ते +१.५) वाढवा. न वाढवल्यास काळी आकृतीच उरते. रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढा. तिपाई नको, वाट अरुंद आहे. एका पायाचा मोनोपॉड चालतो, नाहीतर झाडाला टेकून श्वास सोडता सोडता बटण दाबा.

आता तिबोटी खंड्या. घरट्याची जागा मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्याबरोबर जाऊही नका. हा राग तुमच्यावर नाही. हा पक्षी इतका देखणा आहे की प्रश्न पडणारच: जांभळी पाठ, पिवळं पोट, लाल चोच, आणि सगळा मिळून चिमणीएवढाही नाही. रायगडचा जिल्हापक्षी आहे तो. मृगाच्या आसपास कोकणात येतो आणि ओढ्याच्या किंवा वाटेच्या कडेच्या उभ्या मातीत बोगदा खणून आत अंडी घालतो. अंडी उबवायला साधारण अडीच आठवडे आणि पिल्लं बाहेर पडायला जवळपास तितकेच दिवस. या काळात नर-मादी दोघं पाली, सापसुरळ्या, लहान बेडूक, खेकडे, नाकतोडे आणून पिल्लांना भरवतात. म्हणजे त्यांनी चोचीत सापसुरळी धरून बसलेलं असणं हा फोटोवाल्यांना हवा असलेला क्षण, आणि पिल्लाला घास मिळण्याचाही तोच क्षण. बोगद्यासमोर माणसं उभी असली तर पक्षी आत जात नाही. चोचीत घास धरून फांदीवर तसाच बसून राहतो. फोटोवाल्यांना वाटतं छान पोज देतोय. प्रत्यक्षात तो तुम्ही जाण्याची वाट बघत असतो आणि आत पिल्लं उपाशी असतात. फोटो स्वच्छ यावा म्हणून बोगद्यासमोरच्या फांद्या छाटणं, बसायला हवी तशी काडी रोवणं, हेही लोक करतात. आडोसा गेला की घोरपड आणि सापाला वाट मोकळी होते.

आणि हा नुसता शिष्टाचाराचा मामला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही मोडतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही नको, विणीच्या काळात तर मुळीच नको. तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला म्हणून चारा सोडून भांडायला धावतो.

मग तिबोटीचा फोटो काढायचाच नाही का? जरूर काढा. पावसात ओढ्याच्या आसपास वाटेवर थांबा, बारीक, कर्कश, लांबत जाणारी शीळ कानावर पडते का ते ऐका. तो सरळ रेषेत, खालून, वेगाने जातो आणि सावलीतल्या काडीवर बसतो. तिथे मिळाला तर काढा, चोचीत घास दिसला की मागे सरका. फोटो टाकताना जागेचं नाव, ओढ्याची खूण काही लिहू नका. पावसात लेन्स कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. कोकणातल्या दमटपणात काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

किल्ल्याचं थोडक्यात. चढायला दीड-दोन तास धरा, पावसात वाट निसरडी असते, त्या दिवशी सोडतात का ते गेटवर विचारून घ्या. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावे लागलेल्या २३ किल्ल्यांत हा होता. वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव शिरढोण याच रस्त्यावर आहे, जाता-येता तिथेही थांबा. वरच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून जाऊ नका, धूर-आरडाओरडा नको, ड्रोन तर नकोच. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लगेच खाली उतरायला लागा. वर शांत बसलात तर सुळक्याभोवती शाहीन ससाणा फिरताना दिसू शकतो.

जायला पनवेल स्टँडवरून पेण-अलिबागकडे जाणारी एसटी धरा, कर्नाळ्याला थांबणार का ते कंडक्टरला आधी विचारा. गेट उघडेल तेव्हा तिथे असा. कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क पडतं. प्लास्टिक शक्यतो नेऊच नका, पाण्याला स्टीलची बाटली. खाऊ बॅगेच्या तळाशी ठेवा, माकडं हातातलं हिसकावतात. त्यांना काही द्यायचं नाही. कपडे मळकट हिरवे किंवा खाकी.

आणि पुढची मोठी लेन्स घ्यायचा विचार मनात असेल तर तो थोडा लांबवा, आधी ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या. पक्षी कुठल्या फांदीवर परत येतो, काय खातो, कशाने बिचकतो, हे दुर्बिणीतून बघितलेलं असलं की ७०-३०० मधूनही फोटो मिळतो.