पेंड वाढवण्याआधी चारही सडांचं दूध तपासा

प्रश्न (सांगोला तालुका): एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, दुसरं वेत. दोन्ही वेळचं मिळून १४ लिटर देत होती, पंधरा दिवसांत ११ वर आली. डेअरीत एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ वरून ८.१ लागतोय. कासेला सूज नाही, चारा तोच. पेंड किती वाढवू?

उत्तर: पेंडीचं पोतं तूर्त बाजूला ठेवा. चारा तोच असताना दूध आणि एसएनएफ दोन्ही उतरले, की मला आधी सुप्त कासदाहाची, म्हणजे कासेच्या लपलेल्या आजाराची शंका येते. आपल्याकडे कास दगडासारखी झाली की ‘दगडी’ म्हणतात आणि मग धावपळ होते. सुप्त प्रकारात सूज नाही, गाठी नाहीत. दूध तेवढं कमी होतं.

जंतू सडाच्या छिद्रातून आत जातात आणि दूध तयार करणाऱ्या पेशींना इजा होते. त्या पेशी दुग्धशर्करा बनवतात, आणि शर्करेमागे पाणी दुधात ओढलं जातं. शर्करा घटली की लिटर घटलेच. शर्करा आणि केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) कमी, म्हणून एसएनएफही खाली. उलट रक्तातलं मीठ दुधात उतरतं, दूध खारट लागतं. पेशींच्या जागी एकदा कठीण गाठ धरली, की त्या सडाचं गेलेलं दूध पुढच्या वेतातही पूर्ण परत येत नाही.

घरी एवढं करा. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा. प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत घेऊन तेवढंच द्रावण घाला, मिनिटभर फिरवा. चिकट, शेंबडासारखं झालं तो सड संशयाचा. वाट्यांतलं सगळं दूध फेकून द्या. मग दवाखान्यात दाखवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. मेडिकलमधून औषधाची ट्यूब आणून स्वतः सडात सोडू नका. औषध सुरू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या गायीचं दूध डेअरीला घालायचं नाही.

धार अंगठा मुडपून काढत असाल तर थांबवा, मुठीने काढा. बाधित गायीची धार सर्वांत शेवटी. धारेनंतर सड पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकात बुडवा आणि गव्हाणीत कडबा टाका. सडाचं छिद्र मिटायला अर्धा तास तरी लागतो, तोवर गाय उभी राहिली पाहिजे. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात गायीवर पाणी मारतात, ते बरोबरच. पण तेच पाणी गोठ्यात साचतं आणि धार झाली की गाय त्याच चिखलात बसते. आधी पाणी वाहून जाईल असा उतार काढा.