गुळात चुना का घालतात, आणि बेळगावात पाणी १०० डिग्रीला का उकळत नाही: रसायनशास्त्राची प्रश्नोत्तरे

सातवी-आठवी-नववीच्या पोरांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे बरेच प्रश्न आलेत, त्यातले सहा आज घेतले. सुरवातीलाच एक सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. रसायनशास्त्रात काहीही दिसलं, वाफ, गंज, गूळ, फेस, काहीही, की पोरांना एकच विचारायचं: कुठले अणू कुणाला धरून होते, आणि आता ते कुणाला धरून आहेत? जोडी तीच राहिली तर बदल भौतिक, जोडी बदलली तर रासायनिक. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे विचारायची सवय लागली तर निम्मा विषय तिथंच संपतो.

प्रश्न (आठवीचा विद्यार्थी, वडगाव): बाई, पुस्तकात पाणी १०० डिग्रीला उकळतं म्हणून लिहिलंय. आम्ही शाळेत केलं तर थर्मामीटर ९७ च्या थोडं वर जाऊन थांबला. थर्मामीटर खराब हाय का? आणि मित्र म्हणतोय की बुडबुड्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो.

थर्मामीटर चांगला आहे रे, आणि तुम्ही थर्मामीटरवर जे दिसलं तेच लिहून ठेवलंत याचं मला फार बरं वाटलं, कारण पुष्कळ पोरं पुस्तकात १०० आहे म्हणून वहीत पण १०० च लिहितात. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा आहे. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचावर, इथं हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळं पाण्याच्या रेणूंना उकळून बाहेर पडायला थोडं कमी तापमान पुरतं. ढोबळ हिशोब असा की दर ३०० मीटर चढलं की उत्कलनबिंदू जवळजवळ १ डिग्री खाली येतो, म्हणजे इथं साडेसत्त्याण्णवच्या आसपास. चोर्ला घाट उतरून पणजीला जाऊन हाच प्रयोग केलास तर १०० मिळेल. कुकरमध्ये याच्या बरोबर उलटं होतं, दाब वाढवला की पाणी १२० च्या आसपास उकळतं म्हणून डाळ लवकर शिजते.

आता बुडबुडे. पाणी कोमट व्हायला लागलं की भांड्याच्या कडेला जे बारीक बारीक येतात ती पाण्यात विरघळलेली हवा. नंतर तळातून जे मोठे येतात त्यात पाण्याचीच वाफ असते, म्हणजे पाण्याचेच रेणू, फक्त एकमेकांपासून लांब गेलेले. रेणू फुटत नाही. नुसत्या उष्णतेनं तो फोडायचा म्हटलं तर २००० डिग्रीच्या वर जावं लागेल, आणि शेगडीवर ते होणार नाही. आणि हो, भांड्यावर पांढरं जे दिसतं ती खरं तर वाफ नाही, वाफ डोळ्यांना दिसत नाही, ते गार होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब असतात.

रेणू खरोखर फोडून बघायचाच असेल तर ९ व्होल्टची बॅटरी घे, दोन्ही बाजूंनी तासलेल्या दोन पेन्सिली घे, पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाल आणि शिसं पाण्यात बुडवून तारा जोड. एका टोकाला हायड्रोजन येतो, दुसऱ्याला ऑक्सिजन, आणि हायड्रोजन जवळजवळ दुप्पट. मीठ मात्र घालू नकोस, मिठानं क्लोरीन तयार होतो आणि तो नाकात जाणं चांगलं नाही. सर किंवा बाई जवळ असतानाच कर.

प्रश्न (सातवीची विद्यार्थिनी, खानापूर): सोडियम पाण्यात टाकलं की पेट घेतं, क्लोरीन विषारी वायू आहे. मग या दोघांचं मीठ आपण रोज भाजीत कसं खातो?

फार सुंदर प्रश्न आहे. याचं उत्तर कळलं म्हणजे बंध कळले असं समज.

सोडियमकडं ११ इलेक्ट्रॉन, २, ८, १ असे मांडलेले. शेवटचा एकटाच बाहेर. क्लोरीनकडं १७, म्हणजे २, ८, ७. त्याला एक कमी. सोडियम तो एक देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, आणि दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत ८ होतात. सोडियमचा स्फोटकपणा त्या एका इलेक्ट्रॉनमुळं होता, क्लोरीनचा जहालपणा त्या एका कमीमुळं. देवाणघेवाण झाली की दोघांनाही आता कुणाशी झटापट करायचं कारण उरत नाही. म्हणून मिठातलं सोडियम हे सोडियम धातू नव्हे, तो धनप्रभारित आयन (इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्यामुळं विद्युतभार आलेला अणू) आहे, आणि क्लोरीनही तो हिरवट वायू नव्हे, तो ऋण आयन आहे. गुणधर्म अणूच्या नावावर नसतात, त्याच्या इलेक्ट्रॉनवर असतात.

अजून एक, जे पेपरात हमखास चुकतं. मिठाला सुटा रेणू नसतो. खड्यात प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम, अशी मांडणी सगळीकडं पसरलेली असते, आणि पकड इतकी घट्ट की मीठ वितळायला ८०१ डिग्री लागतात. साखरेचं वेगळं. साखरेत अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, देऊन टाकत नाहीत, तो सहसंयुज बंध, आणि तिथं सुटे रेणू असतात. साखर तव्यावर टाकली तर १८०-१९० च्या आसपासच वितळून लाल व्हायला लागते आणि तो लालपणा म्हणजे रेणू मोडून नवीन पदार्थ झाले. आपल्या बेळगावच्या कुंद्याचा (दूध-साखर आटवून केलेल्या मिठाईचा) तो तांबूस रंग आणि वास दूध-साखर तापून तयार झालेल्या अशाच नव्या संयुगांचा आहे, म्हणून गार केलं तरी कुंद्याचं परत दूध-साखर होत नाही.

प्रश्न (शेतकरी पालक, निपाणीजवळ): आमचं गुऱ्हाळ आहे. पोरगं विचारायलंय की रसात चुना का टाकता, आणि गूळ करणं हा भौतिक बदल की रासायनिक? आम्ही बापजाद्यांपासून टाकतोय, कारण सांगता येईना.

दादा, तुमच्या काहिलीत एका वेळी दोन्ही चाललेलं असतं, म्हणून पोरग्याला एका शब्दात उत्तर मिळत नाही.

रस थोडा आंबट असतो, त्याचा पीएच (आम्लपणा मोजायचं माप, ७ च्या खाली म्हणजे आम्ल) पाच ते साडेपाचच्या मधे. जीभेला गोड लागतो म्हणून आंबटपणा कळत नाही, पण आम्ल आहे. आणि आम्ल असलेला रस तापवला की साखरेचा मोठा रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन दोन लहान रेणूंत तुटतो, एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. साखरेत १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन. त्यात पाण्याचे २ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन मिळवा, आणि दोन भाग करा: प्रत्येकात ६, १२, ६. पोरग्याला हे वहीवर मांडायला लावा, समीकरण संतुलित करणं म्हणजे काय ते त्याला एका बैठकीत कळेल. तर हे तुटणं गुऱ्हाळवाल्याला परवडत नाही, कारण ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त झालं की दाणा पडत नाही, गूळ चिकट राहतो, ढेप नीट बसत नाही. ऊस तोडून जास्त दिवस पडला तरी हेच होतं, म्हणून तर तोडला की लगेच गाळायची घाई असते तुमची.

चुन्याची निवळी अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट. ती घातली की आम्ल उदासीन होतं, पीएच ६ च्या आसपास येतो, तुटणं कमी होतं. शिवाय रसातली प्रथिनं आणि बाकीचा गाळ गोळा होऊन मळी वर येते, ती तुम्ही काढता. रानभेंडीचा चिकट रस घालतात तोही मळी बांधायलाच. हा सगळा भाग रासायनिक आणि गाळणीचा. त्यानंतर तासन् तास चिपाडाच्या जाळावर पाणी उडून जाणं हा निव्वळ भौतिक बदल, आणि पाणी जसं कमी होईल तसा उकळबिंदू चढत जातो, काकवीच्या पुढं जाऊन ११८ च्या आसपास गुळव्या काहील उतरवतो. थर्मामीटर नसताना नुसत्या बोटावर, पाण्यात गोळी करून तो हे ओळखतो, ही मोठी विद्या आहे आणि पोरग्यानं ती पण शिकावी असं मला मनापासून वाटतं. चुना मात्र बेतानं, जास्त झाला तर गूळ काळपट पडतो.

आणि तुम्ही विचारलं नाही तरी हायड्रॉस पावडरबद्दल बोलते. ते सोडियम हायड्रोसल्फाइट, रंगाच्या रेणूंचं क्षपण करून (म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन) त्यांना फिके करतं, मळी काढत नाही. म्हणजे गूळ स्वच्छ होत नाही, नुसता पिवळा दिसतो, आणि ठेवल्यावर हवेतल्या ऑक्सिजननं रंग परत गडद व्हायला लागतो. बाजार पिवळ्याला भाव देतो हे मला माहीत आहे, तरी घेणाऱ्यांनी तांबूस गूळ मागायला सुरवात करावी. फक्त त्याला ‘केमिकल नसलेला गूळ’ म्हणू नका. चुना पण केमिकल, पाणी पण केमिकल, साखर पण. कुठलं, किती आणि कशासाठी, हे विचारायचं.

प्रश्न (गृहिणी, शहापूर): दिवाळीला घर पांढरं करायला कळीचा चुना भिजवला की तो आपोआप उकळतो, खाली जाळ नसताना. आणि भिंतीवर सुकला की हाताला का लागत नाही?

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पाणी मिळालं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनतं आणि त्यात इतकी उष्णता बाहेर पडते की पाणी उकळतं. भिंतीवर लावल्यावर तो नुसता सुकत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे चुनखडीचाच पातळ थर. अथणी-चिकोडीकडं बोअरच्या पाण्यानं बादलीला, गिझरला जो पांढरा थर चढतो तो पण हाच पदार्थ, लिंबू पिळून बघा, फसफसेल. आणि ताई, भिजवताना पोरांना लांब ठेवा, चुना थोडा थोडा पाण्यात सोडा. डोळ्यात उडाला तर चोळू नका, वाहत्या पाण्यानं निदान १५-२० मिनिटं धुवत राहा आणि तसंच डॉक्टरकडं जा.

प्रश्न (नववीतल्या मुलीचे वडील, बेळगाव): हायवेवर हिंडाल्को कंपनीचा कारखाना दाखवून पोरीला म्हटलं इथं अल्युमिना होतं, तर ती म्हणते अल्युमिना म्हणजेच अल्युमिनियम. खरं काय? आणि अल्युमिनियमला गंज का येत नाही?

अल्युमिनियम मूलद्रव्य, अल्युमिना संयुग, दोन अल्युमिनियम आणि तीन ऑक्सिजन. बॉक्साइट दगडातून गरम कॉस्टिक सोडा वापरून आधी अल्युमिना वेगळा काढतात, तो पांढरी पावडर. त्यातून धातू काढायला वीज लागते. अल्युमिना वितळायलाच २००० च्या वर डिग्री, म्हणून तो वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजात विरघळवून साडेनऊशेच्या आसपास वीज सोडतात. ही युक्ती १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी वेगवेगळी शोधली. त्याआधी अल्युमिनियम फार महाग होतं.

आणि अल्युमिनियमचा ऑक्सिजनशी संयोग होतोच, लोखंडापेक्षा लवकर होतो. पण जो ऑक्साइड बनतो तो पातळ, घट्ट थर, आतल्या धातूपर्यंत हवा जाऊ देत नाही. लोखंडाचा गंज पोपडे होऊन पडतो आणि आतलं परत उघडं. चिंच-कोकमाचं आम्ल मात्र तो थर खातं, म्हणून आमटी अल्युमिनियमच्या भांड्यात रात्रभर ठेवू नका.

प्रश्न (आई, कंग्राळी): ११८ मूलद्रव्यं पाठ करायची का हो? पोरगं रडायलंय.

अजिबात नको. पहिली २० पुरेत, आणि ती पण नावासकट बाहेरच्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन ते लिहून काढू दे. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये तक्ता केला तेव्हा ६० च्या आसपासच माहीत होती, त्यानं सारख्या वागणाऱ्यांना एकत्र बसवलं आणि जिथं कोण सापडेना तिथं जागा रिकामी ठेवली, पुढं १८७५ मध्ये गॅलियम सापडून त्यातली एक भरली. म्हणजे तक्ता पाठांतरासाठी नाहीच, अंदाज बांधण्यासाठी आहे. पोराला शांत बसवून एवढंच विचारा की सोडियमच्या खाली पोटॅशियम आहे, तर पाण्यात कोण जास्त जोरात पेटेल? पोटॅशियम, कारण त्याचा पण बाहेर एकच इलेक्ट्रॉन, पण एक कक्षा आणखी लांब, त्यामुळं सुटायला सोपा.