प्लास्टिकच्या शेडची दारे जुळत नसतील, तर दोष कोठे शोधावा?

आपला प्रश्न असा आहे की, बागेची अवजारे ठेवण्यासाठी आणलेली सुमारे २ मीटर लांब व २ मीटर रुंद प्लास्टिकची शेड फरसबंदीवर उभी केली, भिंती कशाबशा जुळल्या, परंतु छताचा शेवटचा तुकडा खाचेत बसत नाही आणि दोन दारांपैकी एक दुसऱ्यापेक्षा खाली राहते; अशा वेळी माल सदोष समजावा, की भोके नव्याने पाडून काम पुढे न्यावे? शेड उभी राहिल्यावर ती कशी वापरावी, हेही आपण विचारले आहे.

कृपया नवी भोके पाडू नका. आपण वर्णन केलेली लक्षणे मी स्वतः अनुभवली आहेत, आणि माझ्या बाबतीत त्यांचे मूळ शेडमध्ये नसून तिच्या खालच्या बैठकीत होते. विटांच्या भिंतीला स्वतःचा ताठपणा असतो. प्लास्टिकच्या पॅनेलला तो फार थोडा असतो, त्यामुळे जमीन जशी असेल तसा शेडचा सांगाडा वळतो. एक कोपरा एका बोटाइतका खचला, तरी तळाशी फारसे काही जाणवत नाही. तो फरक वर चढत जातो आणि दारांच्या फटीत व छताच्या खाचेत उघडा पडतो. म्हणून छत आणि दारे ही चूक होण्याची नव्हे, चूक कळण्याची ठिकाणे आहेत.

छताचे तुकडे उतरवून घ्या, भिंतींचे स्क्रू काढून न टाकता सैल करा आणि मग लांब पाणसळ घेऊन तळाच्या चारही कडा व दोन्ही कर्ण तपासा. त्यानंतर फितीने दोन्ही कर्णांची लांबी मोजा. आपल्या मापाच्या चौरसाचा कर्ण सुमारे २.८३ मीटर यायला हवा. पण नेमक्या आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण समान असणे महत्त्वाचे आहे. ते समान नसतील, तर शेड गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, आणि जी शेड गुण्यात नाही तिचे छत कितीही ठोकले तरी बसणार नाही. थोडासा उतार असेल, तर फरशा उचलून खालची वाळू सारखी करता येते. मात्र ज्या फरशा पायाखाली डुगडुगतात, त्यांच्यावर विसंबू नये. मी पहिल्या वेळी वाळूवर मांडलेल्या सुट्या फरशांवर शेड उभी केली होती. सामान भरल्यावर काही महिन्यांत एक बाजू खचली, दाराची कडी लागेनाशी झाली आणि अखेर सगळी शेड सोडवून, खडी धुमसून, त्यावर सुमारे १० सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा थर घालून ती पुन्हा उभारावी लागली. तेव्हापासून आजवर दारांना हात लावावा लागलेला नाही. थर घालणार असाल, तर तो शेडच्या तळाइतकाच ठेवा किंवा बाहेर निघणाऱ्या भागाला बाहेरच्या बाजूस उतार द्या. सपाट कट्टा शेडपेक्षा मोठा राहिला, तर त्यावर पडलेले पावसाचे पाणी भिंतीच्या खालून सरळ आत येते.

बैठक पाणसळीत असूनही पॅनेले जुळत नसतील, तर तापमानाचा विचार करावा. अशा बहुतेक शेड पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या असतात आणि ही द्रव्ये उष्णतेने बरीच प्रसरण पावतात. पॉलिएथिलीनची २ मीटरची पट्टी ३० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ६ ते १२ मिलीमीटर वाढू शकते. तेवढ्याच लांबीच्या पोलादी पट्टीत हा फरक १ मिलीमीटरही नसतो. म्हणजे काही पॅनेले उन्हात आणि काही सावलीत ठेवून ती जोडायला घेतली, तर भोके एकमेकांसमोर न येणे स्वाभाविकच आहे. सर्व भाग काही तास एकाच जागी, शक्यतो सावलीत ठेवावेत. फार थंडीत प्लास्टिक ताठर होते आणि खाचेत दाबून बसवताना त्याचे कंगोरे तुटू शकतात, तेव्हा ते काम दिवस तापल्यावर करावे.

स्क्रूच्या बाबतीत एक कळकळीची विनंती आहे. यांत्रिक ड्रिल वापरलेच, तर ते सर्वांत कमी जोरावर ठेवा आणि शेवटचे दोन-तीन फेरे हाताने द्या. प्लास्टिकमधील आटे एकदा गेले, की तो स्क्रू पुन्हा पकड घेत नाही, मग जाड स्क्रू वापरण्यावाचून मार्ग उरत नाही. चारही भिंती आणि छत जागेवर येईपर्यंत एकही स्क्रू पूर्ण आवळू नये. जोडीला एक माणूस हवाच आणि दिवस बिनवाऱ्याचा हवा.

वाऱ्याचा मुद्दा शेड उभी राहिल्यानंतरही संपत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ४७० न्यूटन दाब देतो. २ मीटर बाय २ मीटरच्या भिंतीवर हा भार जवळजवळ १९० किलो वजनाइतका होतो. रिकामी प्लास्टिकची शेड त्यापुढे टिकत नाही. म्हणून जोडणी पूर्ण झाल्यावर तळाच्या पॅनेलमधून काँक्रीटमध्ये बोल्ट बसवावेत, त्यांच्याखाली रुंद वॉशर घालावेत आणि प्लास्टिकमधील भोक बोल्टपेक्षा किंचित मोठे ठेवावे, म्हणजे उन्हाने पसरणाऱ्या तळाला जागा मिळते.

आता वापराविषयी. जड वस्तू जमिनीवर आणि भिंतींपासून वीतभर दूर ठेवा. भिंतीला टेकलेले सामान तिला बाहेर ढकलते आणि वर्षभरात फुगवटा दिसू लागतो. जड फडताळे भिंतीला लटकवण्याऐवजी स्वतःच्या पायांवर उभी राहणारी असावीत. प्लास्टिक ओलावा शोषून घेत नाही, त्यामुळे आतील दमट हवा गार रात्री छताच्या खालच्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते आणि लोखंडी अवजारे गंजतात. हवेसाठी ठेवलेल्या झडपा सामानाने कधीही झाकू नका आणि ओले दोर किंवा पाइप वाळवूनच आत ठेवा. पेट्रोल, थिनर, पोहण्याच्या तलावाची रसायने आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आत ठेवू नयेत, कारण बंद शेड उन्हात फार तापते आणि पॉलिएथिलीन सुमारे १३० अंशांच्या आसपास वितळते. याच कारणाने गवत कापण्याचे इंजिनवाले यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच आत न्यावे आणि शेगडी शेडजवळ पेटवू नये.

सफाईला साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. पहिल्या तीव्र उन्हाळ्यानंतर सर्व स्क्रू एकदा हाताने तपासा. जे सैल वाटतील तेवढेच आवळा, आणि त्याच वेळी दारांच्या मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, तेही पाहा.