५१२ जीबी रॅमच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेस आहे, शेअर्ड बफर (सगळ्या कनेक्शनची सामायिक मेमरी) १२८ जीबी, तरी कनेक्शन वाढली की मेमरी कुठे जाते कळत नाही. ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं) लावू का?

हो, नक्की लावा, तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडेल. लिनक्स साधारणपणे ४ केबीची पानं वापरतं आणि पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची वेगळी प्रोसेस असते, म्हणजे तिचं पेज टेबलही (कुठलं पान मेमरीत कुठे आहे याची यादी) वेगळं, आता हिशोब करा, १२८ जीबीच्या बफरला ३ कोटींच्या वर पानं, दर पानाची नोंद ८ बाइटची, एका प्रोसेसने सगळा बफर वापरला तर तिचं टेबलच २५६ एमबी, अशी २०० कनेक्शन झाली की ५० जीबी नुसत्या नोंदींतच गेले! २ एमबीची पानं केली की तेच टेबल अर्ध्या एमबीत बसतं, टीएलबी मिससुद्धा (प्रोसेसरच्या छोट्या कॅशमध्ये पानाचा पत्ता न सापडणं) कमी होतात. आधी लिनक्सच्या मेमइन्फो फाइलमध्ये (/proc/meminfo) पेजटेबल्सची ओळ बघा, आकडा बऱ्याच जीबींत असेल तर दुखणं हेच. किती पानं राखायची ते पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेसच सांगतो, आणि ह्यूज पेजेसचं सेटिंग 'ट्राय'वर न ठेवता 'ऑन' करा, नाहीतर पानं कमी पडली तर तो गुपचूप परत ४ केबीवर जातो. फक्त एक, राखलेली मेमरी इतर प्रोग्रामना मिळत नाही, त्यामुळे उगाच जास्त राखू नका.